ड्रॉप खाऊ घालण्याचीही एक रीत असते

आज दुपारी ओळखीतल्या एका कुटुंबाने टाकलेला व्हिडिओ पाहिला आणि माझा संताप अजून उतरलेला नाही. भारतातून नुकत्याच नेदरलँड्समध्ये आलेल्या पाहुण्यांना काहीही न सांगता ‘दुब्बल झाउट’, म्हणजे ड्रॉप या काळ्या डच मिठाईचा दुप्पट खारट प्रकार, खायला दिला आहे. पाहुणे थुंकत आहेत, यजमान खिदळत आहेत आणि खाली आपल्याच मंडळींनी ‘हे लोक डांबर खातात’ असे लिहिले आहे.

ज्येष्ठमधाचा अर्क, साखर आणि डिंक यांची ही काळी मिठाई डच माणूस वर्षाला सरासरी दोन किलो खातो. खारट प्रकारांची ती झणझणीत चव नवसागराची असते. आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकत असे, तोच नवसागर. तो पहिल्याच क्षणी जिभेला रुचावा, ही अपेक्षा तरी कशी करावी?

उट्रेख्तमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात खोकल्याने मला झोप लागत नसे. शेजारच्या डच आजींनी भिंतीपलीकडून तो ऐकला आणि सकाळी मधाच्या ड्रॉपची पुडी आणून दिली. घसा बसला की ज्येष्ठमधाची काडी चघळायला लावणाऱ्या घरात मी वाढले आहे, त्यामुळे ती चव मला लगेच ओळखू आली. पुढे बऱ्याच दिवसांनी आजींनी किंचित खारट ड्रॉप दिला आणि दुप्पट खारट प्रकार तर मी स्वतः मागेपर्यंत त्यांनी पुढे केलाच नाही.

मुळात ही मिठाई औषधविक्रेत्यांच्या हातून आली आहे. इंग्लंडमधल्या पॉन्टेफ्रॅक्टला जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्याने १७६० मध्ये ज्येष्ठमधाच्या औषधी वड्यांत साखर घातली, असे तिथे सांगतात. पुढे १५ ऑगस्ट १८७२ रोजी ब्रिटनमधली गुप्त मतदानाची पहिली संसदीय पोटनिवडणूक याच गावात झाली, तेव्हा मतपेटीवर लाखेची मोहोर उमटवायला या वड्यांवर किल्ल्याची छाप मारणारा शिक्का वापरला गेला. ज्या वडीच्या शिक्क्याला गावात एवढा मान होता, तिच्या जातकुळीला तुम्ही डांबर म्हणता?

परदेशी पाहुण्याला पहिल्या दिवशी ठेचा वाढून त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याचे चित्रण कोणी केले, तर आपण त्या यजमानाला चांगले सुनावू. मग इथे हसू कसे येते? त्या आजींना इतकी वर्षे मिठाई खाऊनही माझ्या जिभेची काळजी घ्यावीशी वाटली आणि आपल्या माणसांना आपल्याच पाहुण्यांची घ्यावीशी वाटली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते, हे मान्य. रक्तदाब असणाऱ्यांनी हात आवरावा. सर्वांना ड्रॉप आवडेलच असे नाही, हेही मान्य.

पण ज्यांना मनापासून चाखायचा आहे, त्यांनी मधाच्या ड्रॉपने सुरुवात करावी, तो चावून न संपवता गालात धरावा आणि डिंक हळूहळू विरघळू द्यावा. तोंडात मागाहून उतरणारा ज्येष्ठमधाचा तो रेंगाळता गोडवा घाईने मिळत नाही. उट्रेख्तला येणाऱ्यांनी मला अवश्य कळवावे, शनिवारी फ्रेडेनबुर्खच्या बाजारात मी बरोबर येईन आणि आपण गोड ड्रॉपपासून सुरुवात करू.