चहाच्या जुन्या पेटीतील ‘चांदी’विषयी खुलासा

कुलूप असलेल्या जुन्या विलायती लाकडी चहापेटीच्या आतला राखाडी पत्रा चांदीचा असतो आणि तिच्यात चहापूड वर्षभर ताजी राहते, असा संदेश सध्या कोल्हापुरात फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही आहे. अशा पेट्यांना आतून बहुधा शिशाचा किंवा शिसे-कथलाच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा लावलेला असे. त्याचे कण चहात मिसळू शकतात आणि शिशाचा सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. कुलूपही चांदीसाठी नव्हते. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहाच इतका महाग होता की तो कुलपात ठेवत. त्यावरील सुमारे ११९ टक्के कर तेथील संसदेने १७८४ साली साडेबारा टक्क्यांवर आणला, तरी कुलूपबंद पेट्यांची रीत पुढे बराच काळ टिकली.

घरात अशी पेटी असल्यास ती जरूर जपावी, पण चहा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच ठेवावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चहापूड ओल धरते आणि शेजारच्या कांदा-लसूण चटणीचा वासही ओढून घेते, म्हणून हे दोन डबे एका फळीवर ठेवू नयेत.