सर्वाधिक आढळणारा ट्यूमर ग्लायोब्लास्टोमा नव्हे

मेंदूच्या ट्यूमरवरच्या लेखात ग्लायोब्लास्टोमाला ‘मेंदूचा सर्वाधिक आढळणारा ट्यूमर’ म्हटलंय, ते दुरुस्त करायला हवं. प्रौढांमध्ये तो सर्वाधिक आढळणारा कर्करोगी प्राथमिक (म्हणजे मेंदूतच सुरू झालेला) ट्यूमर आहे. साधे (कर्करोग नसलेले) आणि कर्करोगी प्राथमिक ट्यूमर मिळून मोजले, तर पहिला क्रमांक मेनिंजिओमाचा. अमेरिकेच्या नोंदींत अशा सगळ्या ट्यूमरपैकी तो सुमारे 40 टक्के, ग्लायोब्लास्टोमा 14 टक्क्यांच्या आसपास. मेनिंजिओमा बायकांत पुरुषांच्या दुपटीहून अधिक दिसतो आणि बहुतेक वेळा साधाच असतो.

आकडे वाचताना आधी बघा, मोजलंय काय. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणाला चिकटून वाढतो. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दिसावी म्हणून टोचायचं औषध) दिल्यावर एकसारखा उजळतो, कडेला आवरणाची शेपटी दिसते. त्यामुळे पुष्कळदा बायोप्सी न करताच निदान होतं. फक्त शस्त्रक्रियेचे नमुने मोजणाऱ्या रुग्णालयाच्या यादीत असे रुग्ण येतच नाहीत, आणि ग्लायोमाचं (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या गटाचं) प्रमाण फुगतं.

शिवाय फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड इथून मेंदूत पसरलेल्या गाठी प्रौढांत प्राथमिक ट्यूमरपेक्षा जास्त असतात. लेखात त्यांचा उल्लेखच नाही! मुलांचं चित्र तर पूर्ण वेगळं: पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा आणि मेड्युलोब्लास्टोमा हे ट्यूमर ठळक, मेनिंजिओमा क्वचितच. प्रौढांची टक्केवारी मुलांच्या पालकांपुढे ठेवू नये, ही कळकळीची विनंती.