"बाकी कुणाची तक्रार नाही" म्हणे!

रात्री दोन वाजता खोलीतला पाहुणा रिसेप्शनला फोन करून सांगतो की उलट्या थांबत नाहीत, उभं राहिलं की चक्कर येते. आणि पलीकडून पहिलं वाक्य येतं, "सर, बाकी कुणाची काही तक्रार नाही." अहो, त्यानं तक्रार केलीच कुठे? तो आजारी आहे, मदत मागतोय. पण हॉटेलच्या डोक्यात आजारी माणूस आला की तो ताबडतोब वादी होतो आणि हे प्रतिवादी. तिथून पुढचं सगळं बोलणं पुरावा टाळण्यासाठी. संताप येतो तो याचा.

आणि हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या कवडीमोलाचं आहे. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूच्या विषानं खाल्ल्यापासून अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. शिजवून तसाच बाहेर ठेवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूच्या उलटीच्या प्रकाराला अर्धा ते सहा तास लागतात. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूला १२ ते ४८ तास. साल्मोनेला या जिवाणूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कितीही. कॅम्पिलोबॅक्टर हा आणखी एक जिवाणू साधारण दोन ते पाच दिवसांनी डोकं वर काढतो. म्हणजे तुमच्या बुफेत जेवलेला दुसरा माणूस आत्ता कदाचित विमानात असेल, आपल्या घरी असेल, किंवा अजून ठणठणीत असेल आणि परवा आडवा होईल. तो तुम्हाला फोन करून कळवणार आहे का?

याच हिशेबानं पाहुण्याचा शेवटच्या जेवणावरचा संशयही चुकीचा ठरू शकतो, हेही खरं. म्हणून तर दोन्ही बाजूंनी वाद घालणं थांबवा आणि लिहून घ्या: खोली क्रमांक, त्रास किती वाजता सुरू झाला, उलट्या की जुलाब की दोन्ही, ताप आहे का, गेल्या तीन दिवसांत कुठे काय खाल्लं, सोबतच्यांना काही होतंय का. पाच मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या मजल्यावरची नोंद आणि सातव्या मजल्यावरची नोंद एकाच वहीत शेजारी आली तरच कुणाच्या तरी लक्षात येईल की प्रकरण एका माणसाच्या पोटाचं नाही. इथे रात्रीच्या शिफ्टचा माणूस सकाळच्या माणसाला तोंडी सांगतो, नाहीतर सांगतच नाही. मग "बाकी कुणाची तक्रार नाही" हे खरंच वाटायला लागतं, कारण तक्रार लिहिलीच नाही!

दुसरं पाठ केलेलं वाक्य: "आमच्याकडे सगळं गरम करूनच वाढतात." स्टॅफिलोकॉकसचं विष आणि बॅसिलस सिरियसचं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानं नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, विष राहतं. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली सतत ठेवणं हाच उपाय आहे. बुफेच्या भांड्याखालची ज्योत विझलेली असेल तर वरचं झाकण कितीही चकचकीत असो, उपयोग शून्य. आणि उरलेला पदार्थ घाईघाईनं कचऱ्यात टाकू नका. वेगळा, झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा. तपासणी करणाऱ्याला तोच लागतो.

आता त्या खोलीतल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काय लागतं ते ऐका. सीलबंद पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, बादली किंवा पिशवी घातलेला डबा, जास्तीचे टॉवेल, टॉयलेट पेपर, एक स्वच्छ चादर. बस्स. यातली एकही वस्तू महाग नाही, आणि पाकिटं सोडली तर बाकी सगळं हॉटेलात पडलेलंच असतं. ती पाकिटंही प्रथमोपचार पेटीत ठेवायला कुणी अडवलंय? पेटी उघडली तर आत सुकलेल्या चिकटपट्ट्या आणि मुदत संपलेलं मलम. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण रिसेप्शनच्या टेबलाखाली चिकटवून ठेवा. मीठ अंदाजे टाकायचं नाही, जास्त झालं तर ते अपाय करतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमचाचमचा द्यायचं, गटागटा नाही. यांची रूम सर्व्हिस पाठवते काय, तर कोल्ड्रिंक नाहीतर पॅकबंद ज्यूस. त्यातली भरमसाट साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

"आम्हाला औषध देता येत नाही, सर." बरोबर आहे, देऊच नका. जुलाब थांबवणारी गोळी ताप किंवा रक्त असलेल्या जुलाबात दिली तर नुकसान होऊ शकतं, आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे तुम्हाला माहीत नसतं. पण "औषध देता येत नाही" याचा अर्थ "काहीच करता येत नाही" असा कुणी लावला? डॉक्टर बोलावता येतो. दर तासा-दोन तासांनी फोन करता येतो. फोन उचलला नाही तर दार ठोठावता येतं, आणि दार उघडलं नाही तर आतली कडी बाहेरून उघडणारी आपत्कालीन किल्ली वापरता येते. एकट्या माणसाच्या दारावर "डू नॉट डिस्टर्ब" लटकतंय म्हणून त्याला दिवसभर कुणी विचारायचंच नाही, हा कुठला नियम? सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही टिकत नाही, उलटीत किंवा शौचात रक्त, ३९ अंशांवर ताप, बोलण्यात गोंधळ, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर बाई असेल तर त्याआधीच डॉक्टर.

सफाईबद्दल तर बोलावं तितकं कमी. कॉरिडॉरमध्ये उलटी झाली की यांचा उपाय म्हणजे कोरडा मॉप, व्हॅक्यूम आणि वर सुगंधी स्प्रे. व्हॅक्यूम! नोरोव्हायरसचे थोडेसे कणही आजारी पाडायला पुरतात, आणि ही मंडळी ते मशीननं हवेत उडवतात. आधी लोकांना तिथून दूर करा, हातमोजे, मास्क, ॲप्रन घाला. कागदी टॉवेल टाकून सगळं टिपून घ्या, बाहेरून आत पुसत या, दुहेरी पिशवीत बांधा. मग साबणाच्या पाण्यानं धुवा. आणि त्यानंतर ब्लीच. पाच टक्क्यांचं ब्लीच एका लिटर पाण्यात २० मिलिलिटर टाकलं की क्लोरीनचं प्रमाण सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) होतं, हे किमान. नोरोव्हायरससाठी ५००० पर्यंत सांगतात, म्हणजे १०० मिलिलिटर. पृष्ठभाग निदान पाच मिनिटं ओला राहिला पाहिजे. फवारलं आणि लगेच पुसलं तर ब्लीच वाया गेलं. त्यात टॉयलेटचं आम्लयुक्त क्लीनर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे सफाई कामगाराला कोणी सांगतच नाही. कार्पेटचा रंग ब्लीचनं उडतो, तिथे वाफ हवी: ७० अंशांवर पाच मिनिटं किंवा १०० अंशांवर एक मिनिट. चादरी झटकायच्या नाहीत, खोलीतच पिशवीत भरायच्या. आणि रिमोट, फोन, दाराची मूठ, नळ, लिफ्टचं बटण? ते कुणाच्या यादीतच नसतं. रिसेप्शनवर सॅनिटायझरची बाटली मांडून सगळे निर्धास्त, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. वीस सेकंद साबण-पाणी लागतं.

हे बाईंनी किंवा दादांनी मुद्दाम केलेलं नसतं. एक फडकं, हातमोजे नाहीत, आणि शिफ्टमध्ये ठरलेल्या खोल्या संपवायच्याच. तोच कामगार किंवा आचारी स्वतः जुलाबांनी बेजार झाला तर उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास कामावर येऊ नये. पण पगार कापणार म्हटल्यावर तो येणारच. हा दोष पगार कापणाऱ्याचा आहे, त्याचा नाही.

खोलीचं दार बंद केलं की आजार आत राहतो, या समजुतीत तर कुणी राहूच नये. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर सार्स या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराची लागण झालेला एक डॉक्टर उतरला होता. तिथून बाधित झालेल्या पाहुण्यांनी तो विषाणू व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडापर्यंत नेला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलातल्या अधिवेशनानंतर लोक न्यूमोनियानं मरू लागले. त्याला कारण असलेला लिजनेला नावाचा जिवाणू त्यानंतर, १९७७ मध्ये सापडला. तो २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, त्याची लक्षणं साधारण दोन ते दहा दिवसांनी, म्हणजे बहुधा चेकआउटनंतर दिसतात. तरी महिनाभर रिकाम्या खोलीचा शॉवर न चालवता तशीच खोली पाहुण्याला द्यायची!

आणि एक गोष्ट जी ऐकून रिसेप्शनवरच्या माणसानं खुर्ची सोडून उठलंच पाहिजे: एका खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि ताप नाही. हे अन्नातून झालेलं नसेलही. गॅस गीझर, बॉयलर किंवा जनरेटरचा धूर असेल तर हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं आणि खोलीत परतलं की पुन्हा सुरू. अशा वेळी "जेवणात काय घेतलं होतं?" विचारत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, शेजारच्या आणि वरच्या खोल्याही रिकाम्या करा, मग आपत्कालीन सेवेला फोन. "लिंबूपाणी पाठवतो, आराम करा" म्हणून त्यांना त्याच बंद खोलीत झोपवणं जिवावर बेतू शकतं.

रुग्णवाहिका बोलावली तरी गोंधळ संपत नाही. बाहेरचा फोन लावायला आधी कोणतं बटण दाबायचं हे खोलीतल्या फोनवर लिहिलेलं नसतं. रुग्णवाहिका मुख्य दाराशी येते, स्ट्रेचर मावणारी लिफ्ट मागच्या बाजूला, आणि तिची किल्ली सुपरवायझरकडे, तो घरी. छाती दाबून सीपीआर देणारा माणूस किंवा डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) पोहोचेपर्यंत हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. एक माणूस रस्त्यावर उभा करा, दुसरा लिफ्ट धरून ठेवू दे, तिसरा रुग्णाची औषधं, ओळखपत्र आणि नातेवाइकाचा नंबर गोळा करू दे. तीन माणसं, तीन कामं, आधी ठरवलेली.

आणि एवढं होऊन सलाइन लावलेल्या माणसाला दुपारी बारा वाजता फोन जातो: चेकआउटची वेळ झाली, पुढे थांबलात तर जादा भाडं लागेल. त्याचं सामान दोन साक्षीदारांसमोर यादी करून, सील लावून ठेवा. फ्रिजमधलं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहू द्या, गोठवू नका. आणि बिलाचा फोन तो रुग्णालयातून बाहेर येईपर्यंत करू नका.