पक्याची गाठ

रविवारी संध्याकाळी पक्या तलावपाळीच्या कट्ट्यावर लंगडत आला. टर्फवर अनवाणी खेळताना अंगठा फुटला होता आणि आता जांघेत सुपारीएवढी गाठ.

"अवधाण आलंय," मिलिंद म्हणाला. तो नौपाड्यात एका लॅबमध्ये रक्त तपासतो.

"म्हणजे इम्युनिटी पार झोपली याची," सुहासचा निकाल. "गुळवेलीचा काढा घे." सुहासकडे घोडबंदरच्या ट्रॅफिकवरही काढा असेल.

मिलिंद भडकला. "झोपलीय? अरे, गाठ आली म्हणजे जागी आहे ती!" त्याने पक्याच्या मोबाइलवरचा रिपोर्ट उघडला. पांढऱ्या पेशी 13,800, त्यात न्यूट्रोफिल 82 टक्के; दोन्ही नेहमीपेक्षा जास्त. "ही पहिली फळी. काही तासांत जखमेवर पोचतात, जंतू गिळतात आणि मरतात. अंगठ्यातून पू आला ना? बरीचशी त्यांचीच प्रेतं."

पक्याने भेळ खाली ठेवली.

"आणि गाठीत?"

"तिथे ओळखपरेड. डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे घेऊन येतात. बी आणि टी या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तिथे ढिगाने बसलेल्या, पण प्रत्येकीला एखादाच तुकडा ओळखता येतो. जिला जुळला ती भराभर वाढते. गाठ फुगणार नाही तर काय? प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, यायला मात्र आठवडाभर जातो. पुढच्या वेळी लवकर, कारण काही पेशी आठवण ठेवून मागे राहतात. धनुर्वाताची लस त्याच भरवशावर."

"बी म्हणजे बोन मॅरो ना?" मी उगाच शहाणपणा केला.

"सगळे तिथेच फसतात. बी म्हणजे बर्सा, कोंबडीच्या शेपटाकडची पिशवी. ब्रूस ग्लिक नावाच्या संशोधकाने ती काढलेल्या कोंबड्या वर्गातल्या प्रात्यक्षिकाला गेल्या, तर बऱ्याच जणींत प्रतिपिंडंच होईनात. 1956 साली पेपर छापून आला, तोही पोल्ट्रीच्या नियतकालिकात! माणसाला बर्सा नाही. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात, म्हणून अक्षर खपून गेलं. टी मात्र थायमसचा, छातीच्या हाडामागचा."

सुहास हटेना. "तरी वाढवायला काय हरकत आहे?"

"काय वाढवू? न्यूट्रोफिल? बी? टी? एकाच नळाचं पाणी आहे का ते? आणि तुझ्या खिशात सेट्रिझिन कशाला असते रे?"

धूळ उडाली की सुहासला ओळीने वीस शिंका. तीही इम्युनिटीच, नको तिथे उतू गेलेली.

"ते वेगळं," सुहास पुटपुटला.

"डॉक्टरांच्या गोळ्या पूर्ण कर," मिलिंद पक्याकडे वळला. "अंगठ्यापासून वर लाल रेघ चढली किंवा थंडी भरली, तर लगेच दाखव."

पक्याने तिथेच पँट दुमडून टॉर्च मारला. रेघ नव्हती. तोवर भेळ सुहासने संपवली होती.