लॅडर मेलेलं नाही

‘लॅडर संपलं, नुसतं पायथन शिका, पीएलसीची नोकरी पक्की’ असा मेसेज डिप्लोमाच्या मुलांमध्ये फिरतोय. पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक, आणि लॅडर म्हणजे त्याचा प्रोग्रॅम सर्किटच्या आकृतीसारखा लिहायची भाषा. मेसेजमध्ये तथ्य कमीच. पायथन डेटा गोळा करायला, रिपोर्ट काढायला झकास. पण पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम चालवतो, आउटपुट देतो आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा तेच. तिथे मुख्यतः आयईसी ६११३१-३ या १९९३ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातल्याच भाषा चालतात, लॅडर त्यातलीच एक. रात्रपाळीत कन्व्हेयर अडला की मेंटेनन्सवाला लॅपटॉप जोडतो, लॅडरमध्ये कुठला कॉन्टॅक्ट (आकृतीतला स्विच) ‘ऑन’ होत नाही ते बघतो आणि थेट त्या सेन्सरपाशी जातो. म्हणून आधी लॅडर, मग आकडेमोड आणि लूपसाठी स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही त्याच मानकातली, मजकुरात लिहायची भाषा. पायथन त्यानंतर खुशाल शिका. मोडीत निघाली ती मानकातली इन्स्ट्रक्शन लिस्ट ही भाषा. तिला मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनेच कालबाह्य ठरवलं.