‘शेअर नको, कॉपी-पेस्ट करा’: त्या फॉरवर्डमधल्या एकेका दाव्याला उत्तर

‘फेसबुकचा नवा नियम’ या नावाचा लांबलचक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. माझ्या मावशीने तो स्वतःच्या प्रोफाइलवर टाकला, आणि मी चालवते त्या परसबागेच्या ग्रुपमध्येही तो येऊन पडला. मावशीला फोन करून म्हटलं, काढून टाक. तर म्हणाली, “अगं, सगळ्यांनीच टाकलंय. खरं नसलं तरी नुकसान काय होणार आहे?”

नुकसान होतं, म्हणून हे लिहितेय.

मजकुरात पाच दावे आहेत. फेसबुक तुमची पोस्ट फक्त 25 जणांना दाखवतं, तेव्हा हे शेअर न करता कॉपी-पेस्ट करा आणि वाचणाऱ्याने खाली टिंब द्यावं. उद्यापासून तुमचे फोटो कंपनीच्या मालकीचे होणार, म्हणून ‘मी परवानगी देत नाही’ असं जाहीर करा. माझ्या नावाने रिक्वेस्ट आली तर घेऊ नका, खातं हॅक झालंय, सगळ्यांना कळवा. ग्रुपच्या ॲडमिननी प्रश्न विचारत न बसता येईल त्याला आत घ्यावं. आणि शेवटी ‘फॉलो टू फॉलो’ करून, म्हणजे तू मला फॉलो कर, मी तुला, असं सगळ्यांनी एकमेकांना वाढवावं.

25 मित्रांची गोष्ट जुनी आहे. कधी आकडा 25 असतो, कधी 26. फेब्रुवारी 2019 मध्ये खुद्द फेसबुकने जाहीर लेख लिहून सांगितलं होतं की अशी कुठलीही मर्यादा नाही. एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता. यात अर्धं खरं आहे ते मान्य करते: आपली प्रत्येक पोस्ट प्रत्येक मित्राला दिसत नाही, फीडमध्ये क्रम लावला जातो, आणि ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही तो मागे पडतो. पण त्यावर टिंब हा उपाय नाही. ‘हो लिहा’, ‘टॅग करा’, ‘शेअर करा’ असं सांगून प्रतिसाद गोळा करणाऱ्या पोस्टींना खाली ढकलणार, हे फेसबुकने डिसेंबर 2017 मध्येच जाहीर केलंय.

मग ‘शेअर नको, कॉपी-पेस्टच करा’ हा हट्ट कशासाठी? मूळ पोस्ट काढून टाकली की तिचे शेअरही बंद पडतात. कॉपी मात्र कितीही उरतात आणि मूळ कोणाचं ते कधीच सापडत नाही. शिवाय शब्दन्‌शब्द तोच असल्यामुळे त्यातलं एखादं वाक्य शोधलं, की ते जाहीरपणे टाकणाऱ्यांची आयती यादी हाती लागते. सांगितलेलं न तपासता करणाऱ्या माणसांची यादी. फसवणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

परवानगीच्या जाहीरनाम्यावर फार वेळ घालवत नाही. त्यात ‘रोम करार’ आणि ‘यूसीसी 1-308’ असे भारदस्त शब्द आहेत. 1998 चा रोम करार युद्धगुन्हे आणि नरसंहार यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आहे, आणि भारताने त्यावर सहीसुद्धा केलेली नाही. दुसरं कलम अमेरिकेतल्या व्यापारी कायद्यातलं. खातं उघडताना मान्य केलेल्या अटी पोस्ट टाकून बदलत नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये ‘गुडबाय मेटा एआय’ (मेटा म्हणजे फेसबुकची मालक कंपनी) नावाने हाच प्रकार जगभर झाला, नामांकित खेळाडू आणि नटांनीही तो मजकूर टाकला, आणि त्याने काहीही बदललं नाही. काळजी मात्र खोटी नाही. प्रौढ माणसांच्या जाहीर पोस्टी आणि फोटो आपल्या एआयला शिकवण्यासाठी वापरतो, हे मेटाने स्वतःच सांगितलंय. ज्याला ते नको असेल त्याने पोस्टींचं सेटिंग ‘पब्लिक’वरून ‘फ्रेंड्स’वर आणावं.

आता तिसरा दावा. खरा राग मला याचा आहे, कारण मावशीच्या बाबतीत हेच घडलं.

तिच्या नावाचं, तिच्याच फोटोचं दुसरं खातं कुणीतरी काढलं होतं. तिला वाटलं खातं हॅक झालं, म्हणून तिने पासवर्ड बदलला, हा मजकूर टाकला आणि निश्चिंत झाली. तिच्या खात्यात कुणी शिरलंच नव्हतं. प्रोफाइल फोटो उतरवून घ्यायचा, उघडी असलेली मित्रयादी बघायची, नव्या खात्यातून एकेकाला रिक्वेस्ट पाठवायची, एवढंच लागतं. पासवर्डचा इथे संबंधच येत नाही. मग मेसेंजरवर सुरू होतं: “कशी आहेस? तुझा नंबर दे.” आणि थोड्या वेळाने, “माझ्या ओळखीचे एक सीआरपीएफचे अधिकारी आहेत, त्यांची बदली झालीय, घरातलं सगळं फर्निचर स्वस्तात काढतायत, ते तुला फोन करतील.” फ्रिज, सोफा, वॉशिंग मशीनचे फोटो येतात, भाव कमी असतो, आणि गाडीभाड्याचे पैसे आधी मागितले जातात. मावशीच्या जुन्या शेजारणीला हा मेसेज आला. मावशीचं नाव बघून तिने शंकाही घेतली नाही. पैसे भरायच्या आधी तिच्या मुलाने विचारपूस केली म्हणून वाचली.

तोवर मावशीच्या ‘हॅक झालंय’ पोस्टखाली कधी न बघितलेली खाती जमली होती. “माझंही असंच झालं होतं, या सरांनी दहा मिनिटांत परत मिळवून दिलं,” आणि पुढे इन्स्टाग्रामचा पत्ता. ‘हॅक’ हा शब्द शोधत फिरणारी ही खाती. तिथे मदत मागितली की आधी फी मागतात, मग ओटीपी. म्हणजे ज्या पोस्टने संरक्षण व्हायचं, तिनेच दुसऱ्या चोराला पत्ता दिला.

करायचं ते असं. खोटं प्रोफाइल उघडा, तीन टिंबांवर जाऊन ‘रिपोर्ट’ करा आणि हे खातं दुसऱ्याच्या नावाने चालवलं जातंय असा पर्याय निवडा. मित्रांनाही तेच करायला सांगा, त्यांना ‘मित्राच्या नावाने’ असा पर्याय मिळतो. स्वतःची मित्रयादी ‘ओन्ली मी’ करा. प्रोफाइल लॉक करायची सोय भारतात मे 2020 पासून आहे, ती वापरा. दुसऱ्याचं सोंग घेतल्याची तक्रार आली की तो मजकूर हटवायला 2021 च्या आयटी नियमांनी कंपन्यांना 24 तासांची मुदत घातली होती, ती 2026 मध्ये आणखी कमी झाली. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. आयटी कायद्याच्या कलम 66 ड खाली असं सोंग घेऊन फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

चौथा सल्ला थेट आम्हा ॲडमिनना आहे. 2019 च्या पहिल्या तीन महिन्यांत फेसबुकने सुमारे 220 कोटी खोटी खाती काढली. कंपनीचाच आकडा आहे. अशा ठिकाणी दार सताड उघडं ठेवायचं? आमच्याकडे येणारी संशयास्पद खाती बघून ठेवा: एक फोटो, तोही गुलाबाचा किंवा नटीचा, खातं गेल्या आठवड्यात उघडलेलं, तेवढ्यात शेकडो ग्रुपांत नाव, आणि ‘तुमच्याकडे गच्ची आहे की अंगण?’ या प्रश्नाला उत्तर ‘येस’. एकदा गर्दीत अशांपैकी एक आत आलं आणि त्याने सात रंगांच्या गुलाबाच्या बियांची जाहिरात टाकली. एका सदस्याने पैसे भरले, पाकिटात धने निघाले. एका फुलात सात रंग असलेला गुलाब निसर्गात नाही, आणि जातिवंत गुलाब बियांपासून नव्हे, खुंटावर डोळा (कोंब) बसवून किंवा छाट कलमाने वाढवतात. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुकं बदलून केलेला ‘निळा’ गुलाबसुद्धा जांभळट दिसतो. फसलेल्या बाई पुढे कित्येक दिवस ग्रुपवर बोलल्याच नाहीत. सदस्यांचा आकडा त्या दिवशी वाढलेलाच होता. आमचे प्रश्न राहणार.

‘फॉलो टू फॉलो’बद्दल इतकंच: अशा आलेल्यांना तुमच्या लिहिण्यात रस नसतो, ती दिवसभर स्वतःचे फॉलोअर मोजत असतात. ग्रुप टिकतो तो विचारलेल्या प्रश्नाला कुणीतरी नीट उत्तर देतं म्हणून. ग्रुपवरच्या त्या मजकुराच्या सगळ्या पोस्टी मी काढल्यात. टाकणाऱ्यांना काढलेलं नाही, त्यांना हा लेख पाठवलाय. त्या पोस्टींखाली कुंडीतल्या लिंबाची पानं आकसतायत हा एक प्रश्न गाडला गेला होता, तो वर आणलाय. पानावर चंदेरी, नागमोडी रेषा असतील तर ती नागअळी. फोटोत स्पष्ट दिसत नाही, तेव्हा ज्यांच्या झाडाला असं झालंय त्यांनी जरा बघून सांगा.