सायकलला नंबर आहे, पण त्याची वहीच नाही

आज सकाळी एका पोलीस ठाण्याच्या आवारात आठवीतला एक मुलगा स्वतःच्या सायकलच्या हँडलला हात लावून उभा होता. ती सायकल त्याला मिळाली नाही. सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितोय. मोठं आहे, पण वाचा.

चोरट्यांकडून पकडलेल्या पंधरा-वीस सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पावसानं चेनी लालभडक झालेल्या. पोरगा सरळ तिसऱ्या सायकलपाशी गेला. डाव्या ब्रेकच्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. दांडी घसरायची म्हणून त्यानंच ती बांधली होती. "ही माझी." हवालदारांनी नीट विचारलं, "बाळा, बिल आहे का? फ्रेम नंबर माहितीये?" दोन्ही नाही. सोबत आलेल्या त्याच्या आजी म्हणाल्या, "अहो साहेब, तार बघा ना, माझ्यासमोर बांधलीय त्यानं." हवालदार म्हणाले, "आजी, मला पटतंय हो. पण हीच सायकल आमची म्हणून काल आणखी एक जण येऊन गेलेत. नुसत्या तोंडी सांगण्यावर मुद्देमाल कसा सोडू?"

मग कुणीतरी सायकल उलटी केली आणि पायडलच्या मधल्या नळकांड्याखालचं काळं वंगण फडक्यानं पुसलं. तिथे नंबर होता, एकेक आकडा ठसठशीत. दोन वर्षं पोरगा त्या नंबरावर बसून शाळेत जात होता आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. ना घरात, ना दुकानात, ना कुठल्या सरकारी दप्तरात.

मोटारसायकलला आरटीओ आहे, सायकलला नाही, कारण मोटार वाहन कायदा तिला वाहनच धरत नाही. ते ठीकच आहे, धरूही नये. पण म्हणून तिचा मालक कोण हे कुठेच नोंदलेलं नसावं? आपल्या वडिलांच्या काळी कितीतरी गावांत नगरपालिका सायकलचा कर घेऊन बिल्ला द्यायची. कर गेला हे बरंच झालं, पण त्याबरोबर नोंदही गेली.

आणि ज्यांना वाटतं की तक्रार केली की पोलीस शोधतीलच, त्यांनी हे समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३(२) खाली चोरीची किंमत ५ हजारांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पोरांच्या, कामगारांच्या बहुतेक सायकली दोन वर्षं वापरल्यावर कितीच्या धरल्या जातील, तुम्हीच सांगा. त्यात बिल नसेल तर किंमत तरी कशावर ठरवायची? सापडलेल्या मालावर सहा महिन्यांत कुणी हक्क सिद्ध केला नाही तर पुढे तो सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो. ती तार बांधलेली सायकलही.

आता काम करायचं ते आज रात्रीच करा. सायकल गोणपाटावर उलटी ठेवा. नंबर बहुतेक वेळा बीबीच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा एक्सल जिथून जातो त्या नळकांड्याच्या, खालच्या बाजूला असतो. तिथे नसेल तर हँडलखालच्या पुढच्या नळीवर, सीटच्या नळीवर वरच्या टोकाला किंवा मागचं चाक बसतं त्या पट्टीवर पाहा. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घ्या. पॉलिश पेपर लावू नका, ठसा उथळ असेल तर आकडाच जाईल. पुसल्यावर खडूची पूड चोळा आणि वरवर पुसून घ्या, आकडे पांढरे उठून दिसतात. मोबाईलची बॅटरी समोरून न मारता बाजूनं तिरपी धरा आणि मग फोटो काढा. उलट्या सायकलवर ६ चा ९ होतो, ० आणि ओ, ८ आणि बी, ५ आणि एस यांत हमखास घोळ होतो. म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचून ताडून बघा. आणि चिकटवलेल्या बारकोडाला फ्रेम नंबर समजू नका. तो मॉडेलचा असू शकतो, शिवाय एका उन्हाळ्यात सोलून निघतो. खरा नंबर धातूत ठोकलेला असतो.

फोटो तीन हवेत: नंबराचा, चेनच्या बाजूनं पूर्ण सायकलचा, आणि तुमच्याच सायकलला असलेल्या एखाद्या खुणेचा. त्या पोराकडे तारेचा एक फोटो असता तरी हवालदारांच्या हातात धरायला काहीतरी आलं असतं.

लहान मुलांच्या स्वस्त सायकलींना कधी कधी नंबरच नसतो. तिथे कोरायच्या इलेक्ट्रिक पेननं बीबीखाली पिनकोड आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे कोरून घ्या. हातोडीनं पंच मारू नका, नळकांडं चेपलं तर आतले आटे बिघडतात. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीवर आणि कार्बनवर तर अजिबात कोरू नका, तिथूनच तडा जातो. कोरलेल्या जागेवर बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्या, नाहीतर रंग गेलेल्या जागी गंज धरतो. शिवाय सीट काढून नळीत नाव आणि मोबाईल नंबरची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाका. चोर रंग बदलतो, सीटखाली फारसा बघत नाही.

दुकानदारांवर मात्र माझा खरा राग आहे. त्या पोराचे वडील दुपारी दुकानात जाऊन आले. वहीत नोंद सापडली: "२४ इंची लाल, १ नग". बस्स! सायकल जोडताना ती उलटी केलेली असतेच, तेव्हा नंबर बघून बिलावर लिहायला अर्धं मिनिट लागतं. आपण तरी कुठे मागतो? घंटी फुकट द्या म्हणून हुज्जत घालतो, पण नंबर लिहा असं कुणी म्हणत नाही. आपणही तितकेच दोषी आहोत.

हे नाशिक आहे. २०१५ साली महाजन बंधूंनी अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, ते आपल्या गावचे. इथून सायकलची वारी पंढरपूरला जाते. आपल्यातले कित्येक जण ६०-७० हजारांची सायकल घेऊन पहाटे गंगापूर रोडला निघतात. ते विमाही काढतील. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेल्या माणसाची सायकल गेली तर त्याची हजेरीच जाते. नोंदणी आधी त्याच्यासाठी हवी.

ती कशी असावी, तर साधी. फ्रेम नंबर, कंपनी, चाकाचा आकार, रंग, खूण, फोटो, मालकाचं नाव आणि मोबाईल. जूनमध्ये शाळा भरल्या की सायकल स्टँडवरच दोन दिवसांत सगळ्या सायकली नोंदवून होतील. नवीन सायकल दुकानातच नोंदवावी. जुनी घेणाऱ्याला नंबर टाकून "चोरीची तक्रार आहे की नाही" एवढंच दिसावं, मालकाचं नाव-पत्ता नको. आणि विकताना नाव बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर पाच वर्षांनी निम्म्या नोंदी जुन्या मालकांच्याच नावावर राहतील, मग ठाण्यात त्यावर कोण विश्वास ठेवेल? सीटच्या नळीवर काढताना फाटणारा स्टिकर लावा. आधी स्पिरिटनं पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात कडा उचलतात.

जपानमध्ये १९९४ पासून ही नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलवर ओळख क्रमांक असावाच लागतो.

हो, चोर नंबर घासून टाकू शकतो, मान्य. पण घासलेला नंबरही बोलतो, तशी सायकल घेताना दुकानदार दोनदा विचार करेल. आणि नोंदणीनं कुलपाचं काम होत नाही हेही खरं. बारीक केबलचं कुलूप कटरच्या एका दाबात तुटतं. यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं जाड कुलूप, घ्या आणि ते फ्रेम व मागचं चाक मिळून खांबाला लावा. नुसत्या पुढच्या चाकाला लावलं तर चाक तिथेच राहतं आणि सायकल जाते.

एक गोष्ट मात्र मी कधीच मान्य करणार नाही. नोंदणीला फी, आणि नोंदणी नाही म्हणून दंड. भाजीवाल्याला चौकात अडवून "कार्ड दाखव" म्हणणार असाल तर ही नोंदणी नकोच. फुकट आणि ऐच्छिक असेल तरच माझा पाठिंबा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. हवालदारांचं तरी काय चुकलं? जाताना त्यांनीच आजींना सांगितलं, "मोबाईलमध्ये सायकलसोबतचा एखादा जुना फोटो शोधा, तार दिसली तर बघू. कोर्टात परत मिळण्याचा अर्ज करता येईल." आत्ता त्या घरात सगळ्यांचे मोबाईल तपासणं चाललंय. वाढदिवस, गणपती, शाळेची सहल. अजून तरी सायकलचा एकच फोटो सापडलाय, त्यात पोरगा सीटवर बसलाय, आणि डाव्या ब्रेकवर त्याचा हात आहे.